बायकांच्याच मॅचवर पडणारा पाऊस

रागावणं ही कला कुणाला पुरती साधली असेल, तर ती जर्सी सिटीतल्या माझ्या आयरिश घरमालकिणीला. दोन हजार चारच्या सुमारास नोकरीसाठी मी तिच्या वरच्या मजल्यावर राहायला गेले, तेव्हा ती साठीला टेकली होती. ती टोस्टरवर रागवायची, पोस्टमनवर रागवायची, टीव्हीवर हवामान सांगणाऱ्यावर तर त्यानं तोंड उघडायच्या आधीच. पण हा सगळा किरकोळ माल. ठेवणीतला राग होता आयरिश खेळांच्या तिथल्या बोर्डासाठी. बायकांच्या कमोगी संघाची ती सेक्रेटरी, कोच आणि पाणी वाहणारी, सगळं एकटीच. कमोगी म्हणजे हॉकीसारखाच काठी-चेंडूचा खेळ, फक्त यात चेंडू हवेतून थेट कपाळावर येतो. खेळाडू कमी पडल्या की ती दिसेल तिला धरायची. मला जिन्यात धरलं. "शाळेत काय खेळायचीस?" मी म्हटलं, खो-खो. "म्हणजे पळता येतं. रविवारी ये." माझी ऑफिसातली मैत्रीण वैतागली, "अगं यार, वीकेंडला लॉन्ड्री करायची सोडून तू मार खायला ड्राइव्ह करून जातेस?" जात होते खरी.

बोर्डाच्या मीटिंगला बायकांच्या प्रतिनिधीसाठी खुर्ची मांडायचं कुणालाच आठवत नसे, म्हणून ही स्वतःची घडीची खुर्ची घेऊन जायची आणि बरोबर मधोमध मांडून बसायची. मैदान एकच होतं. पाऊस झाला की बायकांची मॅच कॅन्सल, कारण गवत पुरुषांच्या मॅचसाठी जपायचं. "पाऊससुद्धा बायकांच्याच मॅचवर पडतो," ती म्हणायची. आधी मला हसू यायचं. मग एकेक रविवार वाया जाऊ लागला तसं माझंही डोकं फिरायला लागलं. आणि कहर म्हणजे बोर्डाचा अध्यक्ष तिचाच नवरा होता. मांजराच्या शेपटीवर पाय पडला तर मांजराची माफी मागणारा गृहस्थ. एरवी ती त्याला लाडानं हाक मारी, मैदानाचा विषय निघाला की 'अध्यक्ष महाराज'.

त्या वर्षी आम्ही फायनलला पोचलो आणि आदल्या दिवशी पाऊस झाला. सकाळी मी खाली आले, तर तिचा नवरा टोस्टला लोणी लावत हळूच म्हणाला, "बोर्डानं ठरवलंय, बायकांची फायनल नको. कप दोन्ही संघांना वाटून देऊ."

"बोर्ड म्हणजे कोण? लोणी लावतोय तोच ना?" ती म्हणाली.

तिनं गाडी काढली, मैदानाच्या मध्यभागी खुर्ची मांडली आणि बसली. आम्ही दोन्ही संघांच्या मुली तिच्याभोवती चिखलात बसलो. पुरुषांचे संघ कडेला ताटकळले. तो छत्री घेऊन आला. "ऊठ ना, सगळे बघताहेत."

"बघू देत, अध्यक्ष महाराज. आजवर कुणी बघितलंच नाही."

शेवटी आमची फायनल झाली. आम्ही हरलो, पण खेळलो. पुरुषांची मॅच खोळंबलेली, त्यामुळे तो पहिल्यांदाच पूर्ण वेळ उभा राहून आमचा खेळ बघत होता. मॅच संपल्यावर तो तिच्याजवळ आला. डोळे भरले होते त्याचे. "तुझ्या मुली इतक्या छान खेळतात, मला माहीतच नव्हतं."

क्लबहाऊस मैदानाला लागून होतं. लग्नानंतरची सगळी वर्षं तो दर रविवारी तिथल्या खिडकीकडे पाठ करून चहा पीत बसायचा. माझं रक्त उकळलं. आता ही त्याला फाडून खाणार म्हणून मी वाट बघत होते, मनापासून वाट बघत होते.

तिनं त्याच्या कोटावरचा चिखल हातानं झटकला, बस्स. घरी जाताना गाडीत म्हणाली, "वाईट माणूस असता तर सोपं गेलं असतं गं." पुढचा सिग्नल उगाचच लांबला, तरी ती त्याच्यावरसुद्धा रागावली नाही.