कापसाच्या गंजीतलं रॉकेट

पांढरकवड्याच्या आमच्या शाळेनं जुना प्रोजेक्टर मोडीत काढला, तेव्हा त्याच्यासोबतचं एकुलतं एक रीळ विज्ञानाची बाई म्हणून मी हक्कानं घरी आणलं. माणूस नुकता अंतराळात जायला निघाला होता त्या काळातलं होतं ते: गरगर फिरणाऱ्या खुर्चीतला सराव, फुगीर पोशाख, मग उड्डाण. रिळाला आंबूस वास सुटला होता. जुन्या फिल्मा जपणाऱ्या पुण्याच्या एका संस्थेला फोन केला. फिल्म सडतेय, लवकर पाठवा, तोवर कोरड्या जागी ठेवा, असं त्यांनी बजावलं.

कापसाला भाव नसण्याची ती वर्षं. आज वाढेल, उद्या वाढेल म्हणून आमची पुढची खोली छतापर्यंत कापसानं भरलेली. सासूबाईंचा नियम असा की जपायची वस्तू कापसात खुपसायची. काचेची बरणी, देवाचा आरसा, माझं लग्नातलं घड्याळसुद्धा तिथंच सापडायचं. कोरडी जागा म्हटल्यावर त्यांनी मला न विचारता रिळाचा डबाही तिथंच खुपसला.

दुसऱ्याच दिवशी मी शाळेत असताना ह्यांनी कापूस विकला. घरी आले तर खोली रिकामी आणि सासूबाई उंबऱ्यावर कपाळाला हात लावून बसलेल्या. मला भयंकर राग आला. तशीच त्यांना ऑटोत बसवून कापूस घेतलेली जिनिंग, म्हणजे सरकी काढायची गिरणी, गाठली. मालक आधी हसला. कापसात लोखंडी डबा आहे म्हटल्यावर मात्र त्याचं तोंड उतरलं. यंत्रात लोखंड गेलं की ठिणगी उडते आणि सगळ्याची राख होते. त्यानं काम थांबवलं. तिथं कामाला असलेल्या बाया गंजी उपसायला लागल्या, सासूबाई पदर खोचून सगळ्यांच्या पुढं. डबा त्यांच्याच हाताला लागला. माझा राग तिथंच विरघळला.

पुण्याहून रिळाची सीडी होऊन आली. रॉकेटच्या कडेला कापसाचा एक तंतू हलताना दिसतो. तो राहिला याचं मला मनापासून बरं वाटतं. आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. अंतराळवीराला अरुंद यानात गच्च बसवून दार लावलं, तशा सासूबाई सरसावल्या.

"पाह्य, जपाचं म्हनून त्यालेबी कसं खुपसून ठेवलं. मंग मी काय चुकली वं?"

मी हसू दाबलं.

"वापस आला नं थो?" त्यांनी विचारलं.

"आला."

"मंग झालं. आपला डबाबी आलाच नं."