जागेची बदली

इंटरला मला तिसरा वर्ग मिळाला आणि तरीही भोपाळच्या मेडिकल कॉलेजात माझं नाव लागलं. आमच्या घराला याचा जो धक्का बसला, तो नागपूरची राजधानी गेली तेव्हाही बसला नव्हता.

कारण साधं होतं. मुलींसाठी काही जागा राखलेल्या होत्या आणि अर्ज करणाऱ्या मुली बोटांवर मोजण्याइतक्या. दादाला माझ्याहून कितीतरी जास्त मार्क होते, पण मुलांच्या यादीत त्याच्यापुढे हुशारांची ही गर्दी. त्याचं नाव लागलं नाही. तो मोठा, पण टायफॉइडमध्ये त्याचं वर्ष गेलं, म्हणून आम्ही एकदमच परीक्षेला बसलो होतो.

बाबा सचिवालयात हेडक्लार्क. नवं राज्य झालं तेव्हा फायलींच्या पेट्यांबरोबर तेही नागपूरहून इकडे आले. जन्म फायलीत गेलेल्या माणसाला वाटतं, अर्ज नीट लिहिला तर सूर्यही पश्चिमेला उगवेल. त्यांनी सकाळभर बसून झकास इंग्रजीत अर्ज लिहिला: सदर उमेदवार आपली जागा स्वखुशीने थोरल्या भावाच्या नावे करून देत आहे, तरी मंजुरी मिळावी. दोन क्लार्क आपसात बदली करून घेतात ना, तसं.

"सही कर," बाबा म्हणाले.

"मला शिकायचंय, बाबा."

"थर्ड क्लास डॉक्टर? रोगी पळून जातील!"

"भावाचं भलं होतंय, तुझं काय जातंय?" आई म्हणाली.

दादा मान खाली घालून पोहे खात राहिला. भिडस्त म्हणून त्याचं फार कौतुक व्हायचं. मला तो तेव्हाही भित्राच वाटायचा. पण मी तरी कुठली शूर? सही केली. त्या सहीची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी बाबा मला टांग्यात घालून कॉलेजात घेऊन गेले. प्रिन्सिपॉलसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला.

"बाबूजी, ये दाख़िला है, मकान नहीं कि बेटे के नाम कर दें." मग माझी मार्कशीट उचलून त्यांनी मला विचारलं, "नंबर इतने कम क्यों हैं, बेटी?"

उत्तर बाबांनीच दिलं. "लड़की ज़रा मंद है, साहब."

मंद! बिऱ्हाड हललं तेव्हा अभ्यास बुडू नये म्हणून दादाला नागपुरात मावशीकडे ठेवलं होतं. मला मात्र भोपाळला आणलं, कारण आईचे गुडघे धरलेले आणि स्वयंपाकाला कोणीतरी हवं. परीक्षेच्या ऐन वर्षात मी शेगडीपुढे पुस्तक उघडं ठेवून पोळ्या लाटल्या. माझ्या तोंडून शब्द कसे निघाले कोण जाणे.

"भैया की रोटी मौसी बनाती थी, सर. घर की मैं बनाती थी."

साहेबांनी अर्ज माझ्यापुढे सरकवला. "सही आपकी है. फ़ैसला भी आप कीजिए."

मी तो बाबांच्या देखत फाडला. चांगले चार तुकडे केले.

परतीच्या टांग्यात घर जवळ आल्यावर बाबा म्हणाले, "आता पोळ्या कोण करणार?"

"दादा घरीच आहे," मी म्हणाले.