मिऱ्याचा अर्धा र

पेंटर कुठलीही गोष्ट बघायची झाली की आधी तीन पावलं मागे जायचे. पाटी असो, चहाचा कप असो, नाहीतर शेजारची नवी नवरी असो. मान तिरकी, एक डोळा बारीक, आणि मग निकाल: "चालंल" किंवा "नाय चालत." रत्नागिरीच्या बाजारपेठेतल्या निम्म्या पाट्या आणि बंदरातल्या बहुतेक होड्यांची नावं त्यांच्या हातची. तुम्ही त्या काळात आमच्याकडे आला असाल, तर त्यांचं अक्षर वाचल्याशिवाय परत गेला नसाल.

मी कॉलेजात गणित शिकवायचे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. कॉलेजात एक कॉम्प्युटर आला होता आणि 'गणित म्हणजे त्यातलंच' असं ठरवून तो माझ्या गळ्यात मारला होता. खोलीच्या दारावर 'संगणक कक्ष' रंगवायला पेंटर आले, ते चपला बाहेर काढून. तशी माझी सक्त ताकीदच होती.

त्या दिवशी मी मोठ्या ऐटीत एक सूचना मराठीत छापून काढली होती. मुंबईच्या काही मंडळींनी मराठी लिहायचा प्रोग्रॅम तयार करून फुकट वाटला होता. त्याची फ्लॉपी हातोहात माझ्यापर्यंत पोचली होती. प्रोग्रॅम आतून कसा लिहिलाय तेही त्यांनी उघडं ठेवलेलं, आणि सोबत चिठ्ठी: 'वापरा, वाटा. चूक दिसली तर सुधारा आणि सुधारणा आम्हाला पाठवा.' पहिली दोन कामं मी इमानेइतबारे केली होती. चूक दिसायला मात्र पेंटर यावे लागले.

त्यांनी सूचनेचा कागद भिंतीला धरायला लावला, मागे सरकले, कपाटावर आपटले आणि म्हणाले, "बाई, सह्याद्रीत दर्या कवा आला?"

सूचना सहलीची होती. 'सह्याद्रीच्या दऱ्यांमध्ये' असं हवं होतं, छापलं होतं 'दर्यांमध्ये'. मी चारदा वाचूनही मला ते दिसलं नव्हतं. आता चूक कबूल करायची तर जिवावर आलं.

"वाचणाऱ्याला कळतं हो," मी म्हटलं.

"माज्या गावाचं नाव लिवा बगू."

त्यांचं गाव मिऱ्या. मी टाइप केलं, पडद्यावर 'मिर्या' उमटलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. अर्धा र दिसला की उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवायचा, एवढंच त्या प्रोग्रॅमला ठाऊक होतं.

पेंटरांचा चेहरा उतरला. "तुमीच म्हंता, उद्या सगळी कागदं ह्याच्यातनंच निघणार. मंग आमचं गाव कशात?"

मी फ्लॉपीसोबतची ती चिठ्ठी वाचून दाखवली. यात पैसे मिळायचे नाहीत, हेही सांगितलं.

"सुधारून कुणीबी पाठवलं तर चालतं?"

"तसं लिहिलंय खरं."

"सातवी नापास?"

"अट घातलेली नाही."

रविवारी ते आलेखाच्या कागदांची गुंडाळी घेऊन हजर. पडद्यावरचं अक्षर म्हणजे बारक्या चौकटी, काही काळ्या, काही कोऱ्या, हे त्यांना एका चहात समजलं. मला ते समजायला एक अख्खी सुट्टी लागली होती. हातभर उंच अक्षरं रंगवणारा माणूस नखाएवढं अक्षर काढायला बसला. काढून झालं की सवयीने तीन पावलं मागे जायचा. तिथून काहीच दिसायचं नाही, मग मुकाट पुढे यायचा. अकरा कागद वाया गेले. बाराव्यावर त्या अर्ध्या रची कोयतीसारखी वळणदार रेघ नीट उतरली. "कोयती बसली," ते म्हणाले. कोयतीला मी वेगळी कळ दिली, तिच्यानंतर य आला तर र डोक्यावर न्यायचा नाही असा नियम प्रोग्रॅममध्ये लिहिला, आणि पडद्यावर 'मिऱ्या' आलं. आम्ही दोघं लहान पोरांसारखे हसलो.

फ्लॉपी पोस्टाने धाडायची होती. पुठ्ठ्याच्या पाकिटावर पेंटरांनी लाल रंगात, काळी सावली देऊन, 'दुमडू नये' असं रंगवलं. त्यावर शिक्का हाणायची छाती पोस्टात कोणाची झाली नसणार.

महिन्याने उत्तर आलं. सुधारणा चांगली आहे, पण प्रोग्रॅमच्या अक्षरांच्या तक्त्यात जागा मोजक्याच आणि तो भरत आलाय, आणि असे शब्द ते कितीसे? वाचणारा समजून घेतो.

म्हणजे माझंच वाक्य मला परत. माझं डोकं फिरलं. मी दोन पानी कडक पत्राचा मसुदा करून वाचून दाखवला.

"भांडू नका," पेंटर म्हणाले. "त्येंनी अजून बगितलंच नाय."

त्यांनी एक पोस्टकार्ड घेतलं. एका बाजूला 'दर्या' लिहून खाली होडी काढली. शेजारी 'दऱ्या' लिहून खाली डोंगर काढले. तिसरा शब्द 'मिर्या'. त्याखाली नुसती रिकामी चौकट, आणि चौकटीत प्रश्न: 'हे गाव कुठे आहे?' पत्रात एवढंच.

दिवाळीच्या आधी नवी फ्लॉपी आली. तक्त्यात जागा केली आहे, असं पत्र होतं. ज्यांनी ज्यांनी हातभार लावला त्यांची यादीही फ्लॉपीवर होती, गावासकट. मी ती छापायला लावली. प्रिंटर किंचाळत होता आणि पेंटर हात मागे बांधून उभे होते. कागद बाहेर आला. त्यांचं नाव, आणि पुढे स्पष्ट, कोयतीसकट: मिऱ्या, रत्नागिरी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

तुम्ही-आम्ही आपलं नाव सापडल्यावर थांबलो असतो. पेंटर बोट ठेवून खालची नावं वाचत गेले. दोन ओळी खाली बोट थांबलं. तिथे कोणा गृहस्थाच्या नावापुढे छापलं होतं, 'कर्हाड'. नियम मी फक्त यसाठी लिहिला होता. ह माझ्या डोक्यातच आला नव्हता.

"बाई, माजं गाव आलं. ह्या माणसाचं ऱ्हायलं की."

मी काही बोलायच्या आत त्यांनी नवा कागद पसरला होता.

पेंटर जाऊन आता बरीच वर्षं झाली. कऱ्हाडचा तो माणूस कोण, ते आम्हा दोघांनाही कधी कळलं नाही.