दोन तारखांचं लग्न

माझ्या मावसभावाइतका खरं बोलणारा आणि त्यापायी स्वतःचं नुकसान करून घेणारा माणूस इंग्लंडातल्या आमच्या अख्ख्या कॉव्हेंट्रीत सापडणार नाही. दादा हॉस्पिटलात डॉक्टर. पण वॉर्डाबाहेर पडला की त्याचं लक्ष ठिकाणावर नसे. धुक्यात भलत्याच बसमध्ये बसायचा, शेवटच्या स्टॉपपर्यंत खिडकीबाहेर बघत राहायचा आणि दोन तासांनी उगवून मलाच सांगायचा, की तिकडची झाडं फार सुंदर आहेत.

अशा माणसाशी लग्न ठरवलं ते त्याच वॉर्डातल्या इंग्लिश नर्सने. वहिनी पक्की व्यवहारी. इथलं टॅक्सचं वर्ष पाच एप्रिलला संपतं; त्याच्या आत लग्न केलं की नवऱ्याला सरत्या अख्ख्या वर्षाची टॅक्समध्ये सूट मिळे, म्हणून तेव्हा इथे मार्चमध्ये लग्नांची झुंबड उडायची. वहिनीनेही मार्च धरला. तेवढ्यात साताऱ्याहून मावशीचं पत्र आलं : मुहूर्त वैशाखातला आहे, त्याआधी लागलेल्या लग्नाला मी लग्न म्हणणार नाही आणि त्या मुलीला सून म्हणणार नाही.

दादाने दोघींचंही ऐकलं. मार्चमध्ये रजिस्ट्रारसमोर सही केली, केक खाल्ला आणि संध्याकाळी नव्या नवरीला बसने तिच्या नर्सेसच्या होस्टेलवर पोचवून आला. मी कपाळावर हात मारला, तर शांतपणे म्हणाला, "लग्न मे महिन्यात आहे ना." मेमध्ये मी टेबलक्लॉथचा अंतरपाट धरून बेसूर मंगलाष्टकं म्हटली, मावशीने पोस्टाने धाडलेल्या अक्षता पडल्या, तेव्हा कुठे वहिनी घरात आली.

मग टॅक्सचा फॉर्म आला आणि लग्नाच्या तारखेपुढे दादाने मे महिना लिहिला. वहिनीने आधीच मार्च कळवलेला. टॅक्स ऑफिसने दादाला पत्र घातलं, की आपली दोन लग्नं दिसतात, पत्नी एकच आहे ना? वर्षाची सूट पाण्यात गेली म्हणून वहिनी आठवडाभर धुसफुसत होती. शेवटी आम्ही तिघं तिथे गेलो. दादा म्हणाला, "मार्चमध्ये सरकारने लग्न लावलं, मेमध्ये आईने. मी नवरा झालो तो मेमध्ये."

म्हाताऱ्या साहेबाने चष्म्यावरून वहिनीकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमचं लग्न कधी झालं, मॅडम?"

मला वाटलं, आता दादाची खैर नाही. वहिनीने एकदा त्याच्याकडे पाहिलं. "इन मे," ती म्हणाली.

साहेबाने मान हलवली आणि कायद्याप्रमाणे स्वतःच्या पेनने मार्च लिहून टाकला. दादाने हे सगळं मावशीला कळवलं. महिन्याभराने उत्तर आलं ते वहिनीच्या नावे, आणि ते मी तिला इंग्रजीत करून तीनदा वाचून दाखवलं : 'चि. सौ. सूनबाईस, सरकारला मार्चच सांगत जा. तू मे म्हणालीस, ते मला पोचलं.'

आता मावशी नाही. दर एप्रिलला दादा टॅक्सची फाइल उघडतो, वरच मावशीचं ते निळं पत्र असतं, आणि मग ते हातात धरून तो खिडकीबाहेर बघत बसतो. त्याच्या या तंद्रीवर मी वर्षानुवर्षं हसत आलो. परवा डोकावलो तर वहिनीही शेजारी तशीच बसली होती, आणि फॉर्म कोराच होता.