खवले मांजराचं गाऱ्हाणं

दुपारची पेज पिऊन शांताराम राऊळ काजूच्या बागेतल्या मांगरात, राखणीच्या खोपटात, आडवा झाला आहे. डोळा लागतोय, पण जीव बांधावर आहे. बांधाखालच्या बिळात खवले मांजर व्यालंय. त्याच्या खवल्यांसाठी माणसं त्याला चोरून मारतात. म्हणून जत्रेत शांतारामने देवळात गावाची गाऱ्हाणी सांगणाऱ्या घाडीकडून देवाला गाऱ्हाणं घालून घेतलं, या जिवाला सांभाळ म्हणून. घाडीने ते खड्या आवाजात, जागेसकट सांगितलं. सगळा गाव 'होय म्हाराजा' म्हणाला. आणि काल दोन परके पुरुष 'जमीन बघायला' आले, ते नुसते बांधाकडेच बघत राहिले.

दार ढकलून त्याची बायको जयवंती आत येते. तिला जाऊन वर्ष उलटलं, तरी ती नेहमीसारखी पाय धुऊनच आत येते.

"निजलात काय?"

"नाय गे. नुसतो पडलंय."

"घोरत होतात."

ती शेजारी बसते आणि मांगर हलू लागतो. एसटी आहे. जयवंती खिडकीशी, तिच्या मांडीवर खवले मांजर, त्याच्या शेपटीला चिकटलेलं पिल्लू. कंडक्टर येतो.

"ह्या कोण?"

"माजी भैन. बाळंतीण आसा," जयवंती सांगते. "पोराचा अर्धा तिकीट फाडा."

कंडक्टर गंभीरपणे फाडतो. शांताराम पोट धरून हसतो.

"हसा. माज्या बाराव्याक भटजी मंत्र म्हणता म्हणता निजलो, तेव्हाय हसत होतात. लोकांका वाटला, रडतत."

"तू बघलंस?"

"मी खंय जातंय?"

एसटीत देवळातली घंटा वाजते. ती दोघं सभामंडपात उभी आहेत. खवले मांजर पुढचे पंजे छातीशी धरून, एखाद्या मानकऱ्यासारखं खांबाभोवती चालतंय.

"जयू, माजा चुकला. देवाक सांगूक गेलंय नि चोरांका सांगून बसलंय."

"देवाच्या कानात सांगूचा."

"घाडी कानात बोलणा नाय."

"ता खरा." ती विचार करते. "होय म्हाराजा कोण कोण म्हणाला?"

"आखो गाव."

"म्हणजे आख्ख्या गावान देवापुढे कबूल केल्यानी. मग राखण तुमी एकट्यानच कित्याक करतास?"

शांतारामला हे सुचलंच नव्हतं. जयवंती डोक्यावर पदर घेते आणि स्वतःच गाऱ्हाणं घालू लागते. गावात आजवर कुठल्या बाईने घातलेलं नाही.

"बा म्हाराजा, जे जे होय म्हणाले, त्यांका पाळीपाळीन बांधावर बसव."

"होय म्हाराजा."

"नि माज्या घोवाक पेजेबरोबर भाजी करून खावची बुद्धी दी."

"ह्या मधीच खयसून इला?"

"होय म्हणा."

"होय म्हाराजा," तो हसत ओरडतो. "होय म्हाराजा."

जयवंती लाल मुंग्यांचं आंब्याच्या पानांत विणलेलं घरटं मांजरापुढे झाडते. चार मुंग्या शांतारामच्या मनगटावर पडतात.

"सोसा," ती म्हणते. "ता जेवता."

तो उठून बसतो. दारात शेजारचा बाबल उभा आहे.

"शांतारामा, गाऱ्हाणा कोणाचा चालला हा? मी थंयसून तीनदा होय म्हटलंय."

"तीनदा? मग आज बांधावर पयली पाळी तुजी. चल, वाटेत बाकीच्यांका हाक मारूया."

बाबल काही विचारणार, तर त्याची नजर शांतारामच्या मनगटावर जाते. तिथे दोन लाल मुंग्या अजून कडकडून चावून बसल्या आहेत. शांताराम त्या झटकत नाही.