सगळ्यांनी मोबाइल बंद करा!

चहा घ्या आधी. हे ऐकून तुम्ही हसणार, तुम्ही हसलात की मी चिडणार, आणि मी चिडलो की चहा तसाच राहणार. म्हणून दोन घोट घ्या आणि मग ऐका. लोक स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात ना, मी तो उचलला आणि नेमका माझ्या पोरीच्या पायावर पाडला.

धरणगावात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची, बोअरची, कुठलीही मोटार जळाली की माझ्याकडेच येते. आता डोकं माझं मोटारीच्या आधी तापतं, हे तालुक्याला ठाऊक आहे. सगळे मला आबा म्हणतात, पण जरा लांब उभं राहून म्हणतात.

माझी मुलगी कोमल. मागच्या वर्षी धुळ्याला देवपुरात दिली. लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, म्हणून माहेरी आली. बाकीच्यांच्या लेकी आखाजीला येतात, झोके खेळतात, गाणी म्हणतात, सांजोऱ्या खातात. आमची आली ती कॉम्प्युटरचा खोका घेऊन!

"हे काय गं?"

"आबा, हाई मनं काम शे."

काम! काम काय, तर कॉम्प्युटरवरच्या खेळात ट्रक चालवायचा. परदेशातल्या रस्त्यावर. आणि ती चालवत असताना लोकांनी आपापल्या मोबाइलवर ते थेट बघायचं. माझं टाळकंच सटकलं. अहो, खेळणारा खेळतो, ते एक वेळ समजू शकतो. पण हे बघणारे कोण रिकामटेकडे? ट्रक खोटा, रस्ता खोटा, चालवणारं दुसरंच कोणी, आणि ह्यांनी डोळे फाडून बघत बसायचं? दुसऱ्याला जेवताना बघून कोणाचं पोट भरलंय का कधी?

हे मी मोठ्याने बोललो, आणि आमची सुमन नेमकी स्वयंपाकघरात होती.

"तुमी आखाजीले काय करतस हो?" ती आतूनच म्हणाली. "हिलालभाऊकडे पत्तासना डाव बसस. हातमा एक पान तरी धरतस का कधी? दिवसभर दुसराना मांगे उभा राहीसन देखतस. वर त्यालेच शिव्या देतस, हाई पान कसाले टाकं म्हणून!"

मी रागारागाने चपला घातल्या आणि घराबाहेर पडलो. कुठे गेलो ते विचारू नका. डाव ऐन रंगात आला होता.

संध्याकाळी कोमलने मला बसवून सगळं नीट सांगितलं. हे असे खेळ दाखवणारी ॲपं पुष्कळ आहेत म्हणे, आणि त्यांच्यात बघणाऱ्या माणसांवरून मारामारी चालते. ती आधी एका लाल ॲपवर होती. तिथे मोठ्या खेळाडूंना वर बसवतात आणि हिच्यासारखीला कोपऱ्यात टाकतात. आता एक नवीन ॲप आलंय, मोराच्या चित्राचं. ते जुन्याचे खेळाडू फोडतंय. त्यांनी हिला सांगितलं, आखाजीच्या दिवशी चार वाजता आमच्याकडे खेळ करा. तुमच्यामागे तुमची माणसं आमच्याकडे आली, तर तुम्हाला कायमचं घेऊ, महिन्याच्या महिन्याला पगार देऊ.

"अन लाल ॲपले हाई समजनं," ती म्हणाली, "त्यासनी त्याच टाइमले एक मोठी स्पर्धा ठी दिधी."

"मुद्दाम?"

"मंग काय!"

माझ्या पोरीच्या वेळेवर दुसऱ्याला बसवतात? ज्या ॲपचं मी कालपर्यंत नाव ऐकलं नव्हतं, त्याच्या सात पिढ्यांचा मी तिथल्या तिथे उद्धार केला.

राग येण्यासारखी आणखी एक गोष्ट होती. कोमलचे सासरे, आमचे व्याही नाना, माणूस गोड, आवाज चढवणार नाही. पण त्यांनी गोड आवाजातच सांगून ठेवलं होतं, "आखाजीपर्यंत बघू. जमलं तर उत्तम, नाहीतर पतसंस्थेत जागा आहे, तिथे बसेल." कोमल आणि पतसंस्थेत? जी पोर लहानपणी जेवताना दोन घास एका जागेवर बसून खात नव्हती, ती दिवसभर पावत्या फाडणार?

"आबा," ती म्हणाली, "सकाय चार वाजाले फक्त माणसं पाहिजेत. माणसं देखाले उनात, की बठ्ठं व्हई जाई."

माणसं? अगं, माणसं जमवणं हा काय धरणगावात प्रश्न आहे? तू फक्त ट्रक चालव, म्हटलं.

आता माझी खरी अक्कल ऐका. आखाजीला सकाळी कोमलने एकदा खेळ चालवून बघितला. मध्येच चित्र अडकलं. ट्रक पुलावर उभा, कोमलचं तोंड उघडंच. तिचं नेट सिमवर चालणाऱ्या एका डब्यातून येतं, गावातल्या टॉवरवरून. मी तो डबा बघितला आणि मला रोग कळला. तीस वर्षं हाच धंदा करतोय, कळणार नाही? शिवारात एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, सगळ्यांनी एकदम मोटारी सोडल्या की काय होतं? व्होल्टेज पडतं. कोणाचीच मोटार पाणी उचलत नाही. इथेही तेच! गावभर सगळे आपापल्या मोबाइलवर कोमलला बघणार, सगळे मिळून टॉवर ओढणार, आणि पोरीचा ट्रक पुलावर उभा!

मग उपाय काय? लोड कमी करा. एक मोटार चालू, बाकीच्या बंद.

हिलालभाऊचा मंडपाचा धंदा आहे. त्याच्याकडे लग्नात लावायचा भला मोठा टीव्ही असतो. मी तो चौकात मांडायला लावला. सतरंज्या टाकल्या, वर कापड ताणलं, थंड पाण्याचे जार ठेवले. पत्त्यांचा डाव मोडून सगळ्यांना उठवून आणलं, आणि हे काम आखाजीच्या दिवशी किती अवघड आहे ते खान्देशातल्या माणसालाच कळेल! बाया आल्या, माहेरवाशिणी आल्या, म्हातारे खुर्च्या घेऊन आले. मग मी माइक हातात घेतला.

"सगळ्यांनी मोबाइल बंद करा!"

कॉलेजातली पोरं कुरकुरायला लागली. "आबा, आम्ही आमना मोबाइलवर देखतस ना!"

"बंद म्हणजे बंद! तिचं नेट ओढलं जातं!"

एक मुलगी उठून म्हणाली, "पण आबा, त्या कंपनीवाला मोबाइल मोजतस..."

"तू मला लोड शिकवू नको. खाली बस!"

बसली बिचारी. माझ्यापुढे कोण बोलणार? एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. पण मी व्याही नानांना फोन लावला, म्हटलं, तिकडे सगळ्यांना एका टीव्हीपुढे बसवा, तुमचा एक सोडून बाकीचे मोबाइल बंद ठेवा. नाना सज्जन माणूस, "बरोबर शे, बरोबर शे" म्हणाले आणि अख्खी कॉलनी आपल्या हॉलमध्ये गोळा केली. चोपड्याला मेव्हण्याला तेच सांगितलं, एरंडोलला साडूला तेच सांगितलं. जिथे जिथे कोमलला बघणारं माणूस होतं, तिथे तिथे मी फोन करून त्याचा मोबाइल बंद करवला. त्या लाल ॲपने पैसे देऊन माणूस ठेवला असता, तरी त्याने इतकं मन लावून काम केलं नसतं.

चार वाजले. टीव्हीवर कोमल आली. "राम राम भाऊ, राम राम ताई! आज आखाजी शे, सांजोऱ्या खाधात का?" चौकात एकच हशा. ट्रक निघाला. चित्र असं झुळझुळीत, कुठे अडकणं नाही! मी मिशीवरून हात फिरवला.

बघणारे लिहून पाठवतात आणि ती ते वाचून दाखवते. एक वाचलं. सुरतेची कोणी बाई होती, कापडाच्या कारखान्यातली. यंदा सुट्टी मिळाली नाही, माहेरी येता आलं नाही, तुझी बोली ऐकते आणि गावात येऊन गेल्यासारखं वाटतं, असं तिने लिहिलं होतं. सुमनने पदराने डोळे पुसले. ट्रक बघायला कोणी येतच नाही, हे मला त्या मिनिटाला कळलं. माणसं हिच्याजवळ येऊन बसतात. आणि एवढी साधी गोष्ट मला कोणी आधी का सांगितली नाही, म्हणून मला परत राग आला.

पण कोमलचं तोंड उतरत चाललं होतं. ती सारखी पडद्याच्या कोपऱ्यात बघत होती. शेवटी म्हणाली, "कोठे ग्यात रे बठ्ठा?"

चौकातून दीडदोनशे माणसं एकदम ओरडली, "आठेच शेतस वं!"

तिला कुठून ऐकू येणार?

"मनं गाव बी नही उनं का आज?"

"उनं शे! उनं शे!" म्हातारे खुर्चीतून उठून टीव्हीला हात करायला लागले. हिलालभाऊने तर भोंग्याचा आवाज वाढवला, कशासाठी ते त्यालाच माहीत.

तेवढ्यात नानांचा फोन. "भाऊ, आम्ही बठ्ठा आठेच बशेल शेतस, तरी पोर रडी ऱ्हायनी!"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लाल ॲप! त्यांनीच काहीतरी केलं! मी तसाच घराकडे पळालो, दार ढकललं आणि तिच्या खोलीत घुसलो. कॅमेरा चालू, ट्रक चालू, मीही चालू.

"घाबरू नको पोरी! त्या चोरांनी तुझी माणसं लपवली आहेत. अख्खं गाव बघतंय तुला!"

तिने स्टिअरिंग सोडलं. ट्रक शेतात गेला.

"कशावर देखी ऱ्हायनात?"

"टीव्हीवर! चौकात! सगळ्यांचे मोबाइल मी स्वतः बंद करवलेत. देवपुरात, चोपड्यात, सगळीकडे!"

"आबा," ती अगदी हळू बोलली, "दोनशे माणसं एक टीव्हीवर देखतस, तर त्यासले एकच माणूस दिसस."

पण तुम्हाला सांगतो, मी हार मानणारा माणूस नाही. दुर्दैव तेच आहे. आलो तसा उलटा पळालो. धापा टाकत माइक घेतला आणि ओरडलो, "सगळ्यांनी मोबाइल चालू करा! एकदम! आत्ताच्या आत्ता!" नानांना फोन, मेव्हण्याला फोन, साडूला फोन, चालू करा, चालू करा!

केले की त्यांनी! माझा शब्द कोण मोडतो? पोरांनी केले, बायांनी केले, ज्यांना ॲप म्हणजे काय ते माहीत नाही त्या म्हाताऱ्यांनी नातवांकडून करून घेतले. एका क्षणात बघणाऱ्यांचा आकडा असा वर गेला, की कोमल खुर्चीतून उडाली म्हणे.

आणि दुसऱ्या क्षणी टॉवर बसला.

माझंच म्हणणं खरं ठरलं हो! लोड! चौकात प्रत्येकाच्या मोबाइलवर नुसतं गोल फिरत होतं. टीव्ही बंद, कोमलचा डबा बंद, तिचा खेळ तिथेच संपला. मी भर चौकात ओरडलो, "बघा, मी सांगत होतो ना!" एकानेही मान डोलावली नाही. हिलालभाऊने मुकाट्याने पत्ते पिसायला घेतले.

त्या रात्री आमच्या घरात कोणी माझ्याशी बोललं नाही. मला इतका राग आला होता की विचारू नका. टॉवरवर, लाल ॲपवर, मोरावर, हिलालच्या टीव्हीवर. सगळ्यांवर चिडून झालं, मग एकच माणूस उरला. त्याच्यावर चिडलो तेव्हा मात्र जेवण गेलं नाही.

सकाळी मोराच्या कंपनीतून फोन आला. कोमल पीठ मळत होती, तिने तो स्पीकरवर टाकला. मी तिथेच पाटावर बसलो होतो. बोलणाऱ्या मॅडम चांगल्याच तापल्या होत्या.

"तुमची नेहमीची माणसं सुरुवातीला आलीच नाहीत. मग एकाच जागेवरून एका मिनिटात शेकडो आली आणि लगेच गायब! आमच्या मशीनने ही सगळी गर्दी खोटी ठरवली आहे."

खोटी? धरणगाव खोटं? मी उठणार, तेवढ्यात सुमनने लाटणं दाखवलं. मी बसलो.

"खरं सांगा," मॅडम म्हणाल्या, "ही माणसं कुठल्या एजन्सीकडून घेतलीत?"

कोमलने माझ्याकडे बघितलं.

"एजन्सी नाही मॅडम. माझे वडील."

पलीकडून एक मोठा सुस्कारा ऐकू आला.

"असं होय," मॅडमचा आवाज एकदम मऊ झाला. "माझेही आहेत. बरं, पुढच्या रविवारी पुन्हा घेऊ. पण त्या दिवशी ते कुठे असतील?"

"दीपनगरला पाठवते. माझी मावशी असते तिथे."

"तिथे मोबाइलला रेंज येते?"

"हो मॅडम, चांगली येते."

"मग नको. अजून लांब बघा."