खालच्या मजल्यावरची दिवसपाळी

नव्वदच्या दशकातली माझी बहुतेक वर्षं नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत उभ्यानं गेली. पुढे आयसीयू आणि शेजारच्या वॉर्डच्या इन्चार्जची जागा निघाली, ती मीच शिकवलेल्या एका धाकट्या सिस्टरला दिली. कारण सांगितलं, "तुमचा आवाज चढतो." चढतोच. देवळ्याच्या कांदा मार्केटात वडिलांच्या शेजारी उभी राहून मी बोलायला शिकले. पण जागा माझी होती, हे आजही म्हणते.

कंबर गेली होती. मोठ्या डॉक्टरांना म्हटलं, घरी जाणाऱ्या पेशंटला औषधं समजावणं, पुढची तपासणी ठरवणं, नंतर फोन करून विचारपूस करणं, हे काम इथे कुणाचंच नाही. मला द्या. दिवसपाळी, रविवारची सुट्टी, खाली स्वतंत्र खोली आणि फोन. ते एकेक गोष्ट नाकारत गेले आणि मी एकेक वसूल करत गेले.

"बाई, तुम्ही दुकान टाकायला हवं होतं," ते म्हणाले.

पहिल्या दुपारी डबा घेऊन वर गेले. सगळ्या सिस्टर स्टोअररूममध्ये सतरंजीवर जेवायला बसत. मी आत शिरले आणि बोलणं थांबलं. मग एकीनं वांग्याच्या भाजीचा विषय काढला. मी आता ऑफिसची झाले होते. माझ्यासमोर ऑफिसला शिव्या कशा देणार? आठवड्याभरात मी खालीच जेवू लागले.

त्यानंतर एक दिवस वरच्या वॉर्डातून पेठ तालुक्याकडची एक म्हातारी घरी निघाली होती. तिला गोळ्या समजावताना तिचा सलाईनचा हात सुजलेला दिसला. मी सवयीनं पट्टी सोडायला लागले.

"मॅडम, ते आम्ही बघतो," इन्चार्ज म्हणाली. आधी ती मला ताई म्हणायची.

"मॅडम कुणाला म्हणतेस गं? सुई धरायला कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच. म्हणून तर नीट सांगतेय. खाली तुमचा फोन वाजत असेल."

सगळा वॉर्ड ऐकत होता. म्हातारी हळूच म्हणाली, "भांडू नको बाय, लय दुखत नाय."

मी तशीच मोठ्या डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, "मला वर परत पाठवा."

"या की. तिच्या हाताखाली, रात्रपाळीसकट."

ते नाही म्हणाले असते तर भांडले असते. ते तर हो म्हणाले. तिच्या हाताखाली मी जाणार नव्हते, हे त्यांना ठाऊक होतं. रिकाम्या हातानं उठायचं नाही म्हणून म्हटलं, "मग खाली आणखी एक खुर्ची द्या. नातेवाईक उभे राहतात."

"आजच घ्या."

समोरचा भावासाठी जराही ताणत नाही म्हणजे त्याला माल नकोच असतो, एवढं मार्केटात वाढलेल्या मला कळत होतं; आणि इथे माल मी होते.

खुर्ची संध्याकाळच्या आत आली. मी ती टेबलासमोर लावली, पुसली. त्या दिवशी तिच्यावर कुणी बसलं नाही.